बंदरातल्या माणसाचे डोळे

माझी मावशी डोळे बनवते. चष्मे नव्हे, डोळे. कुणाचा अपघातात गेलेला, कुणाचा आजारात काढावा लागलेला, कुणाचा जन्मापासून नसलेला. त्या रिकाम्या खोबणीत बसेल असा डोळा ती घडवून देते, आणि तो इतका खरा दिसतो की तिच्याकडून डोळा घेऊन गेलेल्या एका वकिलांशी मी चांगला अर्धा तास गप्पा मारल्या आणि त्यांच्या कुठल्या डोळ्याशी बोलत होते ते मला आजतागायत कळलेलं नाही. रस्त्यावरचे सगळे तिला डोळेवाली म्हणतात. ती चिडत नाही. चिडायचं काम तिने माझ्यावर सोपवलंय, आणि मी ते मन लावून करते.

घड्याळदुरुस्तीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर तिचं घर आहे. दोन खोल्या राहायला, तिसरी कामाला. कामाच्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी, कारण त्या बाजूचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो. खिडकीशी दोन खुर्च्या, समोरासमोर. टेबलावर मेणाचे तुकडे, प्लास्टरचे साचे, दोन-तीन केसांचे ब्रश आणि लाल रेशमाचे धागे. तो धागा ती सुईने विंचरून विंचरून इतका बारीक करते की शेवटी तो दिसतो न दिसतो. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर त्याच्या शिरा बसवते. वरून पारदर्शक थर, आणि मग चाकावर पॉलिश. खोलीला कायम नेलपॉलिशसारखा वास येतो. मावशीने आयुष्यात नखं रंगवलेली नाहीत.

तिचा एक नियम आहे. समोर जिवंत डोळा बसल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. माणसाचा एक डोळा जातो, तेव्हा दुसरा साक्षीला मागे राहतो. त्याच्याकडे बघून जोडीदार बनवायचा. फोटोवरून नाही, आठवणीवरून तर मुळीच नाही. "आठवण फार गोड रंगवते," ती म्हणते, "खऱ्या डोळ्यात एवढी साखर नसते." त्यामुळे तिने जन्मात एकेकच डोळा बनवलाय. जोडी कधीच नाही.

आणि आता या घरातली खरी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं सगळं समजेल. लोकांच्या डोळ्यांत तासन् तास बघून पोट भरणाऱ्या माझ्या मावशीच्या डोळ्यांत तिची स्वतःची आई बघत नाही. तीसेक वर्षं झाली. आजी तिच्याशी बोलते, तिच्या हातचं जेवते, तिने घडी घातलेले कपडे घालते, पण बोलताना बघते ती मावशीच्या कानाकडे. नाहीतर खांद्याकडे, नाहीतर मागच्या कपाटाकडे. बरं, म्हातारीला दिसत नाही म्हणावं, तर मोतीबिंदू काढल्यापासून तिला समोरच्या इमारतीत कुणाच्या दोरीवर काय वाळतंय हेही दिसतं, आणि त्यावर ती मतही देते. फक्त पोटच्या पोरीचा चेहरा तेवढा दिसत नाही.

याला कारण आहे माझा मामा. घरातला थोरला. एका जागी टिकत नसे म्हणून सगळे त्याला भिंगरी म्हणायचे. मावशी शेंडेफळ. मध्ये माझी आई. मावशीला एकोणिसाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. बोन मॅरो बदलावा लागेल म्हणाले. आईचा जुळला नाही. "माझं या घरात कुणाशीच जुळलं नाही, मॅरोने काय घोडं मारलंय," असं ती अजून म्हणते. मामाचा मात्र तंतोतंत जुळला. त्याच्या कमरेच्या हाडात सुया घालून तो काढला आणि मावशीला चढवला. दोघं शेजारी शेजारी पडलेले असताना मामा म्हणाला होता, "आता तुझ्या अंगात माझं रक्त. यापुढे माझ्याशी भांडलीस तरी स्वतःशीच भांडशील." मावशी जगली. वर्ष व्हायच्या आत मामा मोटरसायकलवरून घरी येताना ट्रकखाली गेला.

आजी तेव्हा कुणाला काही बोलली नाही. छाती पिटली नाही, देवाला शिव्या दिल्या नाहीत. घरातले त्याचे फोटो काढून ठेवले आणि मावशीकडे बघणं बंद केलं. मावशीने त्याचा अर्थ लावला तो असा: जायला हवं होतं ती राहिली आणि राहायला हवा होता तो गेला. हे तिने मला एकदाच सांगितलं, पॉलिशचं चाक चालू असताना. तिने लग्न केलं नाही, आईला सोडून कुठे गेली नाही. एकदा, निदान एकदा तरी आई आपल्या तोंडाकडे नीट बघेल, एवढ्या एका आशेवर ही बाई तिची चाकरी करत राहिली. मला याचा राग येतो. आजीचाही येतो आणि मावशीचाही.

अशात घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं ते डोकं आलं.

गावातल्या संग्रहालयात एक प्रदर्शन भरायचं होतं, भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन माणसांचं. तिथल्या एका जुन्या बंदराच्या गावात, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी पुरलेल्या एका माणसाची कवटी सापडली होती. तिच्यावरून त्याचा चेहरा घडवून घेतला होता. रबरासारख्या कातडीचा, भुवयांचा केस न् केस लावलेला, गालावर जुन्या जखमेचा वण असलेला. फक्त डोळे नव्हते. ते बनवायला संग्रहालयाच्या बाई मावशीकडे आल्या. त्या हाडांवरून माणसं ओळखतात, म्हणून आम्ही त्यांचं नाव हाडंवाल्या बाई ठेवलं. त्यांनी ते डोकं टेबलावर ठेवलं, कागद दिला आणि म्हणाल्या, "हाडातल्या डीएनएवरून एवढंच कळतं की डोळे तपकिरी होते. बाकी तुम्ही बघा."

"कशाकडे बघू?" मावशी म्हणाली.

हा प्रश्न त्यांना समजला नाही. मला समजला. त्या माणसाला साक्षीला एकही डोळा नव्हता. दोन्ही खोबणी रिकाम्या, आणि नुसत्या रिकाम्या नाहीत, तर कुणीतरी आत्ताच डोळे काढून घेतल्यासारख्या ओलसर, चकचकीत. मी दुपारी शाळेतले तास घेऊन सुटले की तिच्याकडे जायची. दार उघडलं की आधी ते डोकं दिसायचं. मावशीने त्याच्यावर रुमाल टाकला. मग रुमालाखाली नाक दिसायचं. ते आणखी वाईट.

दिवस जात होते आणि मावशी ब्रश उचलत नव्हती. हाडंवाल्या बाई मधूनमधून येऊन जायच्या. एकदा त्या चहा घेता घेता म्हणाल्या, "ताई, तुम्ही याला एवढं परकं का समजता? हल्ली कोणीही नळीत थुंकून आपला डीएनए तपासून घेतं. मग तो या जुन्या लोकांच्या डीएनएशी ताडून बघता येतो. ग्रीक, फिनिशियन, रोमकालीन, कोण तुमच्या जवळचं ते कळतं. या बंदरातल्या माणसांचीही माहिती त्यात आहे. असेल हा तुमचाही कोणी लांबचा."

मी म्हटलं, "मला आत्ताचेच नातेवाईक झेपत नाहीत, दोन हजार वर्षांपूर्वीचे कुठे घेऊन बसू?"

पण मावशीच्या डोक्यात ते बसलं. आणि योगायोग बघा, आमच्या घरी तसली नळी पडून होती. नवऱ्याच्या वाढदिवसाला मी मोठ्या हौसेने मागवली होती. त्याने त्याच्या नावाने खातं उघडलं, पुरुष असं नोंदवलं, विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना न वाचता 'नाही, नाही, नाही' असं उत्तर देऊन टाकलं आणि थुंकायची वेळ आल्यावर म्हणाला, "मी कुणाच्या नळीत थुंकत नाही." सत्यवचनी माणूस. ती नळी मी मावशीला दिली. खातं बदलायचा कंटाळा केला. कोणाचं नाव आहे याने लाळेला काय फरक पडतो, असं मला वाटलं. मी गणित शिकवते. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर संपला.

काही आठवड्यांनी निकाल आला. तो आम्ही त्या जुन्या लोकांशी ताडून बघितला. कॉम्प्युटरवर एक पांढरं पान उघडलं आणि त्यावर शेकडो राखाडी ठिपके. इथे डोंगराळ मुलखातले, तिथे बेटांवरचे, त्या कोपऱ्यात नांगरणारे, इकडे बंदरातले. आणि त्या बंदरातल्यांच्या दाटीत, त्यांना खांदा लावून, एकच लाल ठिपका. तो मावशी.

"हे राखाडी कोण?" तिने विचारलं.

"ज्यांची हाडं सापडली ती माणसं. एक ठिपका म्हणजे एक माणूस."

"म्हणजे सगळे मेलेले."

"मावशी, दोन हजार वर्षं झाली. आता काय बसून राहतील?"

"म्हणजे या सगळ्यात जिवंत मीच एकटी," ती म्हणाली, आणि बराच वेळ त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिली. मी पान खाली सरकवलं. खाली 'पितृवंश' म्हणून एक भाग होता. बापाकडून मुलाला, त्याच्याकडून त्याच्या मुलाला अशी चालत आलेली रेघ. ती रेघ या बंदरातल्याच एका माणसाशी जुळत होती. शेजारी त्याचा क्रमांक. हाडंवाल्या बाईंनी दिलेल्या कागदावर तोच क्रमांक होता.

मावशी उठली आणि तिने त्या डोक्यावरचा रुमाल काढला. "मग तर हा आपल्याच घरचा," ती म्हणाली. इतक्या सहजपणे म्हणाली, की जणू उशिरा पोचलेल्या पाहुण्याला आत घेत होती.

त्यानंतर तिचा हात चालू लागला. नियमबियम सगळा गुंडाळून ठेवला होता. मी विचारलं, "समोर डोळा नाही, तर बघतेस कशाकडे?" ती म्हणाली, "कोण जाणे. हाताला ठाऊक असल्यासारखं वाटतंय." मी गेले की ती मान वर करायची नाही. थरावर थर चढत होते. तपकिरी, मग त्याखालून मधासारखा, मग कडेला काळपट कडं. खोलीत नेलपॉलिशचा वास आणि ते डोकं, आणि त्याच्यासमोर माझी मावशी, एका बाजूला मान कलती करून. ती त्याच्याशी बोलत नव्हती. पण कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी मध्येच थांबायची.

डोळे झाले तेव्हा तिने मला बोलावून घेतलं. दोन्ही खोबणीत बसवले. मी दोन पावलं मागे सरकले. तो माणूस बघत होता. नाटकी नाही, भूतबीत नाही. दारातून कोणीतरी आत आल्यावर माणूस बघेल तसा साधा बघत होता. नेमकी त्याच वेळी आजी आली, चहा गार झाला म्हणून सांगायला. तिने वाक्य अर्धं सोडलं. दाराच्या चौकटीला धरून ती उभी राहिली, मग हळूहळू पुढे आली आणि त्या डोक्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"भिंगरी," आजी म्हणाली.

तीस वर्षांत हे नाव त्या घरात कुणी घेतलं नव्हतं.

मी मावशीकडे पाहिलं. ती वाकून डाव्या डोळ्यात बघत होती. तिथे बुबुळाच्या खालच्या अंगाला तिळाएवढा पिवळट ठिपका होता. मला तो ठिपका ठाऊक नव्हता, मामा गेला तेव्हा मी फार लहान होते. पण त्या दोघींना ठाऊक होता. "हा मी काढला नाही," मावशी पुटपुटली. "मी काढलेला नाही हा." ज्या हाताला जन्मभर समोरचा डोळा बघूनच चालायची सवय, त्या हाताला डोळा दिला नाही, तर त्याने आपल्याआपण शोधून आणला. मला तरी हेच उत्तर सुचलं. मावशीला ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आजी रोज त्या खोलीत येऊन बसू लागली. डोकं न्यायला हाडंवाल्या बाईंना वेळ होत नव्हता. आजी सकाळचं आवरून यायची, खुर्चीत बसायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. डोळ्यांत डोळे घालून. मावशी शेजारी मेण कापत असायची. "आई, ऊन आलंय, खुर्ची सरकवू का?" म्हणाली तर आजी "सरकव" म्हणायची, तिच्या कोपराकडे बघून. मला तेव्हा असा संताप आला! रबराच्या मुंडक्याला लाड, आणि जिवंत पोरीला कोपर. मी तसं बोललेही. आजीने ऐकलं नाही, आणि मावशी म्हणाली, "असू दे गं. निदान तिने नाव तरी घेतलं."

शेवटी हाडंवाल्या बाई आल्या. डोळे बघून खूश झाल्या. ठिपक्यावर त्यांची नजर गेली, पण त्या म्हणाल्या, "कोण सांगावं, असेलही." मावशीने मग नवी गोष्ट दाखवावी तसा तिचा निकाल त्यांना दाखवला. तिला त्याचा अभिमान होता. जन्मात पहिल्यांदा तिची स्वतःची म्हणून अशी काही एक गोष्ट तिच्याकडे होती. लाल ठिपका बघून बाई हसल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मग त्यांनी पान खाली सरकवलं आणि त्यांचं हसू थांबलं.

"ताई, हा तुमचा निकाल नाही."

"माझाच आहे. या पोरीच्या समोर थुंकलेय मी."

"पितृवंशाची ही रेघ फक्त पुरुषांच्या डीएनएत असते. बापाकडून मुलाला जाते, मुलीला जातच नाही. बाईच्या निकालात हा भाग येऊच शकत नाही. तिकडे कुणाच्या तरी नळ्या बदलल्या असणार. मी लिहून कळवते त्यांना."

मी नवऱ्याच्या खात्याचं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, खात्यात काहीही लिहा, लाळ खोटं बोलत नाही. हा पुरुष आहे.

मावशी रेशमाचा धागा बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मग तिने विचारलं, "दुसऱ्याचं रक्त चढवलं असेल तर?"

"त्याने काही होत नाही. ते थोड्या दिवसांत निघून जातं."

"आणि बोन मॅरो?"

हाडंवाल्या बाईंनी हातातला कप खाली ठेवला. "कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझ्या भावाचा."

बाईंनी मग हळू आवाजात समजावून सांगितलं. मॅरो बदलला की त्यानंतरचं सगळं रक्त देणाऱ्याचं तयार होतं, जन्मभर. लाळेत रक्तातल्या पेशी असतात. म्हणून ज्यांचा मॅरो बदललाय त्यांनी अशी तपासणी करू नये असं सांगतात, आणि तसं आधीच विचारतात. तो प्रश्न माझ्या नवऱ्याने 'नाही' म्हणून उडवला होता. "हा तुमच्या भावाचा डीएनए आहे," त्या म्हणाल्या. "ते कुठे असतात?"

मावशीने रुमाल उचलून त्या डोक्यावर पुन्हा टाकला. त्यांना कळलं. त्यांनी डोकं खोक्यात ठेवलं, आणि जाताना मावशीच्या पाठीवरून हात फिरवला.

काखेत कळसा म्हणतात, तो असा. पण कळसा सापडल्याचा आनंद झाला नाही कुणाला. मावशीने कामाला हात लावणं सोडलं. एकदा मी गेले तर ती खिडकीशी उभी होती, सुई टोचून बोटावर रक्ताचा थेंब आला होता आणि ती तो पुसत नव्हती. "हे त्याचं," ती म्हणाली. "हे बघ, अजून ताजं आहे."

"मावशी, बोट धू."

"मी म्हणत होते ना, या सगळ्या मेलेल्यांत जिवंत मीच एकटी? तो लाल ठिपकाही मेलेलाच निघाला. मग मी त्या पानावर कुठे आहे?"

ती सांगत राहिली. रात्रंदिवस छातीत जे धडधडतं ते त्याला फिरवत असतं. आपण जिना चढतो तेव्हा तो चढतो. ताप आला तर तोच लढतो. "तो म्हणाला होता, भांडलीस तर स्वतःशीच भांडशील. मी भांडले नाही गं कधी. पण मला एकटीला कधी राहताच आलं नाही. मला वाटायचं, ती आठवण आहे." हे ती रडत नव्हे, भीत सांगत होती. मला तिची कीव आली आणि भीतीही वाटली.

इकडे आजी रोज त्या खोलीत येऊन रिकाम्या टेबलासमोर बसत होती. जेवण कमी झालं. "कुठे नेलं त्याला?" म्हणायची. प्रदर्शनात नेऊ का विचारलं तर मान हलवायची. एवढ्या परक्या माणसांत बघायला नको म्हणायची. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, किती दिवस काढतील सांगता येत नाही.

तेव्हा मावशीने ठरवलं. "मी तिला सांगते," ती म्हणाली. "तो इथे आहे म्हणून."

"वेडी आहेस का?" मी म्हटलं. "तो तुझ्यात आहे हे तिला कळलं की मग तू उरलीसच नाहीस. तीस वर्षं तू जिची वाट बघतेस ती बघेलही तुझ्याकडे. पण तुला नाही बघणार. त्याला बघेल."

"मग त्याला बघू दे," मावशी म्हणाली. "नजर तर माझ्याकडेच असेल ना? मी तेवढ्यात भागवीन."

असं कोणी बोललं की मला काहीतरी फोडावंसं वाटतं. मी काही फोडलं नाही. तिच्याबरोबर गेले.

आजी खिडकीशी खुर्चीत होती. मावशी समोरच्या खुर्चीत बसली आणि साध्या शब्दांत सगळं सांगितलं. नळी, बंदरातली माणसं, बापाकडून मुलाला जाणारी रेघ. "आई, माझ्या अंगातलं रक्त अजून त्याचं आहे. तो पुरता गेलेला नाही." आजी मावशीच्या खांद्याकडे बघत ऐकत होती. मला वाटलं, तिला कळत नाहीये.

"मला माहीत आहे," आजी म्हणाली.

मावशी पुढे वाकली.

"तुझा रक्तगट बदलला, तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं मला. म्हणाले, आजी, आता हिचं रक्त भावाचं." तेव्हा तिला आजी म्हणणारं कुणी नव्हतं, मी बोलायलाही लागले नव्हते, पण आता तिला सगळे आजीच म्हणतात. "मग तो गेला. तुझ्याकडे बघायची भीती वाटायला लागली."

"माझा राग येत होता, ना?" मावशीने विचारलं. तीस वर्षं विचारायचं राहिलेलं तिने एका दमात विचारलं.

"राग कशाचा गं?" आजीला खरंच नवल वाटलं. "मला वाटायचं, वर बघितलं आणि तुझ्या डोळ्यांतून तोच बघत असला, तर मी काय करू? मग तुला कुठे शोधू? आणि मग वाटायचं, बघितलं आणि नसलाच, तर? मग तो कुठेच नाही. म्हणून नाहीच बघितलं. आज बघू, उद्या बघू. मग सवय झाली."

मावशी खुर्ची पुढे घेऊन तिच्या गुडघ्याला गुडघा टेकवून बसली. "बघ," ती म्हणाली.

मावशीला ठाऊक होतं, मला नंतर तिनेच सांगितलं, की मॅरोने रक्त बदलतं, डोळे बदलत नाहीत. तिथे तो सापडणार नव्हता. आईने मान वळवली की सगळं कायमचं संपणार होतं, हे कळून ती तिथे बसली होती. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त दिसत होतं की ती पापणी लवू देत नव्हती.

आजीने हात पुढे करून तिची हनुवटी धरली. चेहरा उजेडाकडे वळवला. आधी उजवा डोळा पाहिला. मग डावा. खाली, कडेला, पुन्हा खाली. सुईत दोरा ओवताना बघतात तशी बघत होती. मावशीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ती हलली नाही. खाली घड्याळवाल्याच्या दुकानात कसले तरी ठोके पडत होते.

"नाही गं," आजी म्हणाली. "तो नाही. इथे तर तूच आहेस."

मी डोळे मिटून घेतले. आता ती हात सोडेल, खांद्याकडे बघेल, असंच मला वाटलं. उघडले तेव्हा हात तिथेच होता. अंगठा मावशीच्या डोळ्याखालच्या सुरकुतीवरून फिरत होता, मग कपाळावरच्या, मग कानशिलावरच्या पांढऱ्या केसांवरून.

"अगं," आजी म्हणाली, "केव्हा एवढी म्हातारी झालीस?"